प्लँक्स्टी : चार तरुण, एक तळघर आणि जॉन रायलीची गाणी

रानजाई (शुक्रवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

आयर्लंडमध्ये न्यूब्रिजला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. डब्लिनच्या नैऋत्येला, किल्डेअर काउंटीत, लिफी नदीच्या काठचं गाव. शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. पहिल्या संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन गेले तर त्यांनी बसवून घेतलं, चहा केला आणि कपाटातून एक काळ्या वेष्टनाची तबकडी काढली. म्हणाल्या, "या गावात राहतेस, तर हे तुला ठाऊक असायला हवं." प्लँक्स्टी, आयरिश लोकसंगीत वाजवणारा चमू. त्यांची १९७३ ची तबकडी. सुई टेकवताना त्यांनी पदर सावरावा तशी शाल सावरली, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

आता थोडं मागून सांगते. क्रिस्टी मूर याच न्यूब्रिजचा, जन्म १९४५. बँकेत कारकून होता. १९६६ च्या बँक संपात तो इंग्लंडला गेला आणि तिथल्या लोकसंगीताच्या क्लबांत गाऊ लागला. पाचेक वर्षांनी त्याला वाटलं की आपल्या मातीतल्या वादकांना घेऊन एक तबकडी करावी. १९७१ च्या उन्हाळ्यात इथून वीसेक मिनिटांवरच्या प्रॉस्परस गावाजवळ एका जुन्या घराच्या तळघरात ही माणसं जमली. डोनल लनी हा क्रिस्टीचा गावातलाच धाकटा मित्र. अँडी अर्वाइन जन्मानं लंडनचा, पण आयरिश संगीतात मुरलेला. आणि लिअम ओ'फ्लिन हा इथून जवळच्याच किल गावचा, इलन पाइप्स म्हणजे आयरिश मशकबीन वाजवणारा. तबकडीचं नाव गावावरूनच ठेवलं. ती बाजारात येईपर्यंत या चौघांना कळून चुकलं होतं की आता वेगळं होणं नाही. १९७२ च्या सुरुवातीला त्यांनी नाव घेतलं 'प्लँक्स्टी'. जुने हार्पवादक आपल्या आश्रयदात्याच्या मानासाठी जी धून बांधत, तिला हा शब्द आहे. टर्लक ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) यांच्या अशा कितीतरी धुना आजही वाजतात.

त्या वर्षी ईस्टरला गॉलवेच्या हँगर सभागृहात डोनोव्हनचा कार्यक्रम होता. डोनोव्हन म्हणजे तेव्हाचा मोठा पॉप गायक, गर्दी त्याच्यासाठी जमलेली. आधी थोडा वेळ या चौघांना दिला होता. खुर्चीत बसून वाजवणारे चार जण, त्यातला एक मांडीवर पाइप घेतलेला. रंगमंचावरच्या दिव्यांमुळे त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. वाजवता वाजवता एकदम कल्लोळ उठला. अँडीला वाटलं, आता दंगल होणार. तो आरडाओरडा आनंदाचा आहे हे उमजायला त्याला काही मिनिटं लागली. १९७३ मध्ये त्यांचं 'क्लिफ्स ऑफ डूनीन' आयर्लंडच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

हे सगळं कोणीही शोधून काढेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. काळ्या तबकडीतलं पहिलंच गाणं एका उमरावाच्या बायकोचं आहे, जी घरदार सोडून जिप्सींबरोबर निघून जाते. गाणं संपत येतं पण वाद्यं थांबत नाहीत. मँडोलिन आणि बझूकी (लांब मानेचं तंतुवाद्य) एकमेकांत गुंफत चाल बदलतात, आणि त्यातून एक हार्पची धून वर येते. 'टाउर डम डो लॉव', म्हणजे 'तुझा हात माझ्या हाती दे'. रुअरी डॉल ओ कहान नावाच्या अंध हार्पवादकाची मानली जाते, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. ओ'फ्लिनचा सूर लागला की आजी बोलायच्या थांबतात. दर वेळी.

ते पहिलं गाणं क्रिस्टीला मिळालं जॉन रायलीकडून. दुसऱ्या अल्बमला ज्या गाण्यावरून 'द वेल बिलो द व्हॅली' (दरीखालची विहीर) हे नाव पडलं, तेही त्याचंच. रायली ट्रॅव्हलर होता. ट्रॅव्हलर म्हणजे आयर्लंडचा भटका समाज, पिढ्यान् पिढ्या पत्र्याची भांडी बनवणारा, डागडुजी करणारा. रॉसकॉमन काउंटीत बॉयल गावात तो राहायचा. टॉम मनेली या संग्राहकानं त्याची गाणी मुद्रित केली. त्यातलं ते विहिरीचं गाणं ऐकून अभ्यासक चक्रावले, कारण हे कथागीत लोकांच्या तोंडून केव्हाच गेलं, फक्त छापील संग्रहात उरलं असं सगळे धरून चालले होते. ते या माणसाच्या गळ्यात अख्खं जिवंत होतं. १९६९ साली जॉन रायली गेला. चाळिशीतच, अत्यंत हलाखीत. तीन वर्षांनी त्याची गाणी अख्ख्या देशाच्या ओठांवर होती.

प्लँक्स्टीच्या भरारीबद्दल बोलताना बझूकी, पाइप, दिव्यांचा झगमगाट सगळं येतं. मला मात्र पहिल्यांदा हा माणूस आठवतो. तुम्ही कोणी हे ऐकलंय का? ऐकलं असेल तर लिहा, नसेल तर ऐकून लिहा.

मधुराक्षरी (शुक्रवार, रात्री १०:१५)

सुंदर लिहिलंस रानजाई. शाल सावरणाऱ्या आजी दिसल्या. ऐकते उद्या सकाळी.

तिहाई (शनिवार, सकाळी ७:०५)

पुण्याहून. तबला शिकवतो, पन्नाशीचा आहे. रात्री धागा वाचला आणि पहाटे रियाजाआधी ती काळी तबकडी शोधून ऐकली.

तालाबद्दल थोडं. यांच्या नाचाच्या धुनांपैकी जिग सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या अंगानं जाणारा, पण चाल फार पळती. रील चारांत. स्लिप जिग नऊ मात्रांचा, तीन-तीन-तीन. धून बहुधा दोन भागांची, प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा आणि दोनदा घ्यायचा. अशी अख्खी धून दोन-तीनदा झाली की न थांबता थेट दुसऱ्या धुनेत उडी. तिहाई नाही, समेवर येऊन सोडणं नाही. पहिल्यांदा मी समेची वाट पाहत बसलो आणि ती आलीच नाही. मग लक्षात आलं की यांचा आनंद त्या उडीत आहे. नवी धून वेगळ्या स्वरावर सुरू झाली की अंगावर काटा येतो, तो त्यांचा आपल्यासारखाच 'वाहवा'चा क्षण असावा.

आणि त्यांच्या तिसऱ्या अल्बममध्ये (१९७४) बल्गेरियाकडची एक धून सापडली, 'मोमिन्स्को होरो'. हे आयरिश मंडळींच्यात कसं आलं?

रानजाई (शनिवार, दुपारी १२:३०)

तिहाई दादा, समेची वाट पाहणं अगदी बरोबर पकडलंत, माझंही तेच झालं होतं.

बल्गेरिया आलं ते अँडी अर्वाइनमुळे. १९६८ मध्ये तो आयर्लंडहून निघाला आणि युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, रोमानिया असा फिरत राहिला, रस्त्यांवर वाजवत. परत आला तो पाच, सात, अकरा मात्रांचे ठेके घेऊन. त्याआधी तो स्वीनीज मेन नावाच्या चमूत होता, आणि त्याच चमूतल्या जॉनी मॉयनिहननं ग्रीक बझूकी पहिल्यांदा आयरिश संगीतात आणली. ग्रीक बझूकीची पाठ गोल, तुंब्यासारखी. डोनल लनीसाठी इंग्लंडच्या पीटर ॲबनेट या कारागिरानं सरळ बाजूंची, उथळ पाठीची घडवली, आणि आता आयरिश बझूकी म्हणतात तिची सुरुवात तिथून झाली. आज इथल्या कुठल्याही गावात संध्याकाळी वाजवायला बसलेल्या घोळक्यात ती दिसते. शंभर वर्षांची परंपरा वाटावी इतकी रुळली आहे, प्रत्यक्षात आली ती माझ्या आईच्या शाळेच्या दिवसांत.

तिहाई (शनिवार, दुपारी १:१०)

सातांचं वाचून राहवलं नाही. आपला रूपक तीन-दोन-दोन. बल्गेरियात हाच विभाग नाचाला घेतात, आणि दोन-दोन-तीन असाही घेतात. फरक हा की आपण रूपक विलंबितही धरतो, ते इतक्या जलद घेतात की 'तीन'चा तुकडा फक्त एक लांब पाऊल वाटतं. विद्यार्थ्यांना हातावर टाळी देऊन दोन्ही करून दाखवलं. एका मुलीनं घरी जाऊन आजोबांना नाचवलं म्हणे.

जुना पेटीवाला (शनिवार, सायंकाळी ६:४५)

मिरजेहून. सत्तरी ओलांडली आहे, सावकाश लिहितो, सांभाळून घ्या.

बझूकीचं वाचून मला आपली पेटी आठवली. तीही परदेशीच. १८४० मध्ये पॅरिसला दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायचं ते वाद्य. हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी केली. आणि इतकं होऊनही १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. मींड निघत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, ही कारणं. माझ्या गुरुजींनी ती बंदी अंगावर झेललेली. कार्यक्रमाला गवयाबरोबर जायचे आणि बाहेर बाकावर बसून राहायचे. म्हणून विचारतो, या बझूकीला तिकडे कुणी 'हे आपलं नाही' म्हणून हाकललं नाही का?

दुसरं. त्या पाइपचा सूर मला तानपुऱ्यासारखा मागे धरलेला ऐकू आला. तो तेच वाद्य काढतं की आणखी कुणी?

रानजाई (शनिवार, रात्री ९:२०)

पेटीवाले काका, तेच वाद्य काढतं! इलन पाइप्स जवळून पाहायला मिळाले तेव्हा मी वाजवणाऱ्यांना दहा प्रश्न विचारले, ते सगळं इथे ओतते.

'इलन' म्हणजे कोपर. तोंडानं फुंकायचं नाही. उजव्या कोपराखाली भाता, तो दाबून हवा भरायची. डाव्या कोपराखाली पिशवी, ती दाबून हवा सोडायची. पुढे बोटांनी वाजवायची नळी, तिला चँटर म्हणतात, पुरती दोन सप्तकं निघतात. मांडीवर आडव्या तीन नळ्या सतत षड्ज धरतात, एकच स्वर तीन सप्तकांत. तुम्हाला ऐकू आला तो हाच. त्यांच्या शेजारी आणखी तीन नळ्या, त्यांवर पितळी पट्ट्या. चँटरवर बोटं चालू असताना मनगटाच्या कडेनं या पट्ट्या दाबून मध्येच दोन-तीन स्वर एकदम काढायचे. म्हणजे गवई, तानपुरा आणि पेटी तिन्ही एका माणसाच्या मांडीवर. इथे म्हणतात की पाइपवादक व्हायला एकवीस वर्षं लागतात, सात शिकायला, सात सरावाला आणि सात वाजवायला.

हवा सारखी चालू, त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा घ्यायचा तर मध्ये दुसऱ्या बोटाचा निसटता खटका द्यावा लागतो. नाहीतर चँटरचं तोंड मांडीवर टेकवून क्षणभर सूर कोंडायचा. त्यासाठी मांडीवर चामड्याचा तुकडा ठेवतात. मी पाहिलेल्या वादकाचा तो तुकडा टेकून टेकून गुळगुळीत काळा पडला होता.

ओ'फ्लिनच्या पाइप्सची तर गोष्टच आहे. शेमस एनिस हे थोर वादक आणि संग्राहक. त्यांच्या वडिलांना १९०८ मध्ये लंडनच्या एका सावकारी दुकानात एक पिशवी मिळाली, आत सुटे सुटे भाग. जोडल्यावर निघाले डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरच्या कॉइन कारागिरांचे एकोणिसाव्या शतकातले पाइप्स. ते शेमसकडे आले. ओ'फ्लिन लिओ राउसम यांच्याकडे शिकला, विली क्लॅन्सींकडून शिकला, आणि सत्तरच्या दशकात एनिसबरोबर एकाच घरात राहिला. १९८२ मध्ये एनिस गेले तेव्हा ते पाइप्स त्यांनी ओ'फ्लिनच्या नावे ठेवले होते. २०१८ च्या मार्चमध्ये ओ'फ्लिनही गेला. त्याच्या आदल्या वर्षी इलन पाइप्सच्या वादनाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली होती.

बंदीचं म्हणाल तर बझूकीवर तशी सरकारी बंदी आली नाही. नाक मुरडणारे मात्र होते, साथच नको म्हणणारे आजही आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतंही. ही धून मुळात एकट्या वाद्याची, तिच्यात सगळं आधीच आहे. लनीनं काय केलं, तर तिच्याखाली नुसता ठोका धरला नाही, तिच्या शेजारून चालणारी दुसरी ओळ वाजवली. मधे जागा ठेवली. गाण्याला पोशाख चढवला नाही, श्वास घ्यायला मोकळं ठेवलं. माझ्या मते या चौघांचं सगळं नवेपण एवढंच होतं आणि ते फार मोठं होतं.

सांजवेळ (रविवार, सकाळी ८:५०)

लेख छान आहे, पण माझं मन त्या जॉन रायलीपाशीच अडलंय. रात्री झोप लागली नाही.

गाणी त्याची. गळा त्याचा. तो हलाखीत मरतो, आणि तीन वर्षांत ती गाणी गाऊन दुसऱ्यांचं नाव होतं. मी सोलापूरकडच्या वस्तीशाळेत बारा वर्षं शिकवलं. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी यांची पोरं माझ्या वर्गात होती. एकाच्या आजीला शंभरावर ओव्या येत. एक बाई आल्या, चार दिवस मुद्रण केलं, चहा-बिस्किटं दिली आणि गेल्या. पुढे काय झालं ते त्या आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती मला विचारायची, "माझं गाणं कुठं गेलं गं?" रायलीला कुणी विचारलं होतं का?

रानजाई (रविवार, दुपारी ११:५५)

सांजवेळ, तुमच्या या प्रश्नाला 'पण' म्हणून उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नाही.

मला माहीत आहे तेवढं सांगते. टॉम मनेली स्वतः डब्लिनचा साध्या घरातला माणूस, आधी कारखान्यात काम करायचा. हौसेनं, पदरमोड करून गाणी जमवू लागला, नंतर तेच त्याचं आयुष्य झालं. हजारो गाणी त्यानं वाचवली. तो २००७ मध्ये गेला. रायलीच्या स्वतःच्या आवाजातली तबकडी निघाली ती १९७८ मध्ये, मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. क्रिस्टी मूरनं ही गाणी कुठून आली ते कधी लपवलं नाही, जन्मभर रायलीचं नाव घेऊनच गातो. इतकं खरं. पण तो जिवंत असताना त्याच्या डोक्यावर धड छप्पर नव्हतं, हेही तितकंच खरं.

आजीशी यावर बोलले. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, लहानपणी आमच्या दारात ट्रॅव्हलर बायका यायच्या, आई त्यांना दूध द्यायची पण उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

लिफीकाठ (रविवार, दुपारी २:२५)

डब्लिनमध्ये अठरा वर्षं आहे. सांजवेळ यांच्या प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी.

१९६३ मध्ये इथल्या सरकारी आयोगानं भटकेपणाकडे 'सोडवायचा प्रश्न' म्हणूनच पाहिलं. या लोकांना स्थिर करा, इतरांत मिसळवून टाका, असा एकूण सूर. त्याच सुमारास प्लॅस्टिक आलं आणि पत्र्याच्या भांड्यांचा धंदा बसला. म्हणजे रायलीच्या पिढीच्या हातचं काम आणि पायाखालचा रस्ता दोन्ही एकदम गेले. ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून आयरिश सरकारनं मान्यता दिली ती १ मार्च २०१७ ला.

आणि हे फक्त गाण्यांपुरतं नाही. पाइप्सची एक अख्खी धारा याच समाजानं वाहत ठेवली. जॉनी डोरन घोडागाडीतून गावोगाव फिरून जत्रांत, शर्यतींच्या मैदानांवर वाजवायचा. १९४७ मध्ये लोकसाहित्य आयोगानं त्याच्या मोजक्या धुना मुद्रित केल्या. पुढच्याच वर्षी एक भिंत त्याच्या गाडीवर कोसळली, त्यातून तो सावरला नाही आणि १९५० मध्ये गेला. त्या थोड्या मिनिटांच्या मुद्रणावर आजचे वादक पोसले आहेत. लनीनं प्लँक्स्टी सोडल्यावर जो बॉथी बँड उभा राहिला, त्यातला पाइपवादक पॅडी कीनन ट्रॅव्हलर घराण्यातलाच. बॉथी बँड १९७५ ते १९७९ असा जेमतेम टिकला, पण त्याच्या वेगानं आमच्या घरातली मुलं आजही खुर्चीतून उठतात.

कोकणपट्टी (रविवार, सायंकाळी ५:३०)

मला या संगीतातलं काहीही कळत नाही, पण धागा सकाळपासून तीनदा वाचला. बँड एवढा गाजला तर नंतर काय झालं? आणि नवख्यानं सुरुवात कुठून करायची?

लिफीकाठ (रविवार, सायंकाळी ७:४०)

प्लँक्स्टीचं पहिलं पर्व तीन-चार वर्षांचंच. १९७३ मध्ये लनी चमूतून बाहेर पडला, १९७४ मध्ये क्रिस्टी. त्याच्या जागी पॉल ब्रेडी आला, १९७५ अखेर सगळंच थांबलं. गर्दी भरपूर आणि गाठीला पैसा नाही, असं चाललं होतं. १९७९ मध्ये मूळ चौघे पुन्हा एकत्र आले, त्यात मॅट मोलॉय बासरीला. १९८१ ची युरोव्हिजन गीतस्पर्धा डब्लिनला होती, तिच्या मध्यंतरासाठी त्यांनी बिल व्हेलनबरोबर एक रचना केली, नृत्यासकट. याच व्हेलननं १९९४ मध्ये अशाच मध्यंतरासाठी 'रिव्हरडान्स' केलं, ते तर तुम्ही पाहिलंच असेल. मग २००४ मध्ये चौघांनी पुन्हा मैफली केल्या. त्यांचं प्रत्यक्ष मुद्रण मिळतं. नवख्यानं मी म्हणेन काळी तबकडी आधी, आणि लगेच हे २००४ चं. तीच माणसं, केस पांढरे, आणि हात आणखी शांत झालेले.

घाटवाट (रविवार, रात्री १०:०५)

आज असे तरुण आहेत का कुणी, की हा सगळा जुना इतिहासच?

लिफीकाठ (सोमवार, सकाळी ६:५०)

आहेत, आणि त्यांच्यामुळेच मला इथे लिहावंसं वाटलं.

डब्लिनचा लंकम हा चमू. इअन आणि डारा लिंच हे भाऊ, रेडी पीट आणि कॉर्मक मॅक्डिअरमडा. आधी भावांच्या आडनावावरून त्यांचं नाव 'लिंच्ड' होतं. पण त्या शब्दाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या झुंडहत्यांचा डाग आहे, म्हणून २०१६ मध्ये त्यांनी ते नाव टाकून दिलं. नवं नाव घेतलं एका जुन्या कथागीतातून. ते कथागीत कुणाचं, ठाऊक आहे? जॉन रायली गायचा ते. सांजवेळ, तुमच्या विद्यार्थ्याच्या आजीचा प्रश्न वाचून मला पहिल्यांदा हेच आठवलं.

यांचं संगीत प्लँक्स्टीसारखं प्रसन्न नाही. काळोखं आहे, एकेक सूर लांबवर धरलेला, कधी कधी ऐकताना छातीवर दडपण येतं. २०१९ च्या आणि २०२३ च्या, अशा दोन अल्बमना इथला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा चॉइस पुरस्कार मिळाला. पेटीवाले काका, रेडी पीट कॉन्सर्टिनाबरोबर (दोन्ही हातांत धरायचं छोटं भात्याचं वाद्य) हार्मोनियमही वाजवते!

दुसरे डंडॉकचे मेरी वॉलपर्स. हेंडी बंधू आणि त्यांचा मित्र. करोनाच्या टाळेबंदीत यांनी घरातूनच थेट गाणी प्रसारित केली आणि घरात कोंडलेला देश त्यांच्याकडे वळला. पहिला पूर्ण अल्बम २०२२ मध्ये, दुसरा पुढच्याच वर्षी. मोकळ्या गळ्याची, कष्टकऱ्यांची गाणी.

ही मुलं उगवतात कुठून, तर पबमधल्या बैठकीतून. डब्लिनमध्ये स्मिथफील्डला कॉबलस्टोन नावाचा पब आहे. पुढच्या कोपऱ्यात रोज वादक बसतात. २०२१ मध्ये तिथे नऊ मजली हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. लोक शवपेटी खांद्यावर घेऊन, वाद्यं वाजवत मोर्चानं निघाले. पावसाची भुरभुर, मुलगी माझ्या खांद्यावर, आणि पुढे शेकडो टिनव्हिसल, म्हणजे पत्र्याच्या छोट्या बासऱ्या, एकाच धुनेत. नोव्हेंबरात महापालिकेनं परवानगी नाकारली. कोपरा आहे तिथेच आहे.

तिहाई (सोमवार, दुपारी ३:१५)

या बैठकीत कुणीही जाऊन वाजवू शकतो का? आपल्याकडे भजनात कुणीही टाळ उचलतो तसं?

रानजाई (सोमवार, रात्री ८:३०)

भजनाइतकं मोकळं नाही. मी ऐकायला जाते तिथलं सांगते. गोल टेबल, सहा-सात जण, खुर्च्या आतल्या बाजूला वळवलेल्या. श्रोत्यांकडे पाठ असली तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण ते एकमेकांसाठी वाजवतात. कुणीतरी एक धून काढतं, ज्यांना येते ते शिरतात, न येणारे वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. बोडरान, म्हणजे ते चामड्याचं उभं धरायचं वाद्य, एका वेळी एकच बरं. नव्यानं आधी विचारावं. तुम्ही डग्गा घेऊन आलात तर एक धून नुसती ऐका, मग विचारा. हो म्हणतील.

मध्येच कुणी गाणं सुरू केलं की सगळा पब गप्प होतो, पेले घासणारासुद्धा. गाणारा डोळे मिटतो. कधी शेजारचा त्याचा हात हातात घेतो आणि लयीवर हलकेच फिरवत राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गावच्या काकड आरतीतले दोन म्हातारे आठवले आणि डोळे भरून आले.

सांजवेळ (मंगळवार, सकाळी ७:४०)

लिफीकाठ, लंकमच्या नावाचं वाचून काल संध्याकाळी त्या विद्यार्थ्याला फोन केला. आता तो लातूरला बसचालक आहे. आजी दहा वर्षांपूर्वी गेली. मी त्याला म्हटलं, तुला जेवढ्या ओव्या आठवतात तेवढ्या फोनवर म्हणून मुद्रित कर, आजीचं नाव आधी घे. तो म्हणाला, बाई, मला सतराच येतात. म्हटलं, सतरा तर सतरा.

जुना पेटीवाला (बुधवार, रात्री ९:००)

तो हार्पचा 'तुझा हात माझ्या हाती दे' तीन दिवस बसवतो आहे. काळी एक धरून. पहिला भाग जमला. शेवटाकडे एक जागा वर चढून अलगद खाली उतरते, तिथे मी सारखा ठेचकाळतो. नातवानं मुद्रण केलंय, रानजाई, तुला निरोपातून पाठवलं आहे. आजींना ऐकव.

रानजाई (गुरुवार, रात्री १०:१०)

काका, ऐकवलं. आजींनी फोन दोन्ही हातांत धरून कानाशी नेला. पूर्ण ऐकून म्हणाल्या, हे कुठलं वाद्य? मी सांगितलं. पुन्हा लावायला लावलं. मग म्हणाल्या, त्यांना सांग, घाई करतायत. वर चढताना थांबायचं, आणि खाली येताना मुळीच मोजायचं नाही. माझ्या लग्नात हे वाजलं होतं.

उद्या पुन्हा ऐकायचंय म्हणाल्या आहेत. दुसरा भाग झाला की पाठवा.